विन्स्लो साहेबांचा दुभाष्या

रसेल विन्स्लो या अमेरिकन संगीतकारावर मी आजवर तीसेक भाषणं तरी ठोकली असतील. 'ठोकली' हाच शब्द बरोबर आहे, कारण साचा ठरलेला असायचा. आयोवा प्रांतात मक्याच्या शेतावर जन्म. आई चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायची, तिच्या पायाशी बसून सूर कळले. मग न्यूयॉर्कला शिक्षण. एक भली मोठी सिंफनी लिहिली, ती एकदाच वाजली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टिंगल केली. दुसरा कोणी दारूला लागला असता. हा माणूस आपल्या गावी परत गेला, छोट्याशा कॉलेजात मास्तर झाला आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांमधून मुलांना गाणं शिकवत पस्तीस वर्षं हिंडला.

इथवर सगळं खरं आहे. मग मी पाण्याचा घोट घ्यायचो, आवाज खाली आणायचो आणि पडेगावच्या दळणाऱ्या माउलीवर यायचो. 'त्या माउलीनं आपलं काळजातलं गाणं आपल्या तोंडानं साहेबांना दिलं,' हे वाक्य आलं की पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. रोटरीवाल्यांनी या वाक्यावर मला दोनदा शाल दिली. ते वाक्य खोटं आहे आणि ते मी तयार केलेलं आहे.

१९५७च्या डिसेंबरात साहेब आले. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला नऊ वर्षं झाली होती. मी कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझं इंग्रजी चुरुचुरु चालायचं आणि वडिलांचं, आप्पासाहेबांचं, घर आणि जमीन पडेगावला होती, म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला विन्स्लो साहेबांचा दुभाष्या नेमलं. औरंगाबादला येणारा प्रत्येक गोरा वेरूळ बघायला येतो, हे आम्हाला ठाऊक होतं. हा गोरा बायकांचं दळण ऐकायला आला होता. पिठाच्या गिरण्या गावोगाव येताहेत, जाती थांबली की गाणीही थांबतील, त्याआधी ती कागदावर उतरवून न्यायची, असं त्याचं म्हणणं. आप्पा पोट धरधरून हसले.

"आरं, सात समिंदर वलांडून मानूस दळन ऐकायला आला व्हय? आन आमी म्हनतो अमेरिका शहानी!"

पण पाहुणा तो पाहुणा. प्रश्न एवढाच की, आमच्या घरच्या बायका परपुरुषापुढे गाणार नव्हत्या. मग आमच्याकडे दळायला येणाऱ्या दगडाबाईला निरोप गेला. ती पडेगावचीच, आमच्या शेतात खुरपायला, घरात दळायला. पस्तिशीची असेल, दिसायची पन्नाशीची. तिनं परपुरुषापुढे गावं की नाही, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

शहागंजातून गयास मियाँचा टांगा घेऊन आम्ही रोज सकाळी नऊ-साडेनवाला पडेगावला जायचो. गयास मियाँ निजामाच्या फौजेत बँडवर क्लॅरिनेट वाजवायचे. फौज गेली, बँड गेला, टांगा हातात आला. साहेबांना हे कळलं तेव्हा ते मागची गादी सोडून पुढे गयासच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळा रस्ता दोघं शीळ घालत गेले. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

साहेबांची कामाची रीत साधी होती आणि फार हट्टी होती. आवाज टिपायचं यंत्र त्यांनी आणलं नव्हतं. यंत्र न विचारता गाणं घेतं, म्हणायचे. लांबलचक पाय कसेबसे मुडपून पाटावर बसायचे, मांडीवर आडव्या रेघांची वही. दगडाबाई गायची, ते ऐकायचे. मग तिची ओवी तिलाच परत म्हणून दाखवायचे. चुकलं की ती पदरात तोंड घालून हसायची आणि पुन्हा म्हणायची. ती मान डोलवेपर्यंत त्यांची पेन्सिल कागदाला लागत नसे. आणि सगळं उतरवून झाल्यावर ते वही मिटून तिच्याकडे बघून विचारायचे, "नेऊ का, बाई?" एवढं मराठी ते माझ्याकडून पहिल्याच दिवशी शिकले होते.

"न्या की," ती म्हणायची. "मला काय कमी पडनार हाय?"

तिच्या 'न्या'शिवाय त्यांनी एक ओवी नेली नाही. एकदा ती उठून पाणी प्यायला गेली आणि उत्तर राहून गेलं, तर हा माणूस टांग्यातून उतरून परत गेला. गयास मियाँ कौतुकानं बघत राहिले. मला मात्र चहाची वेळ चुकली याचाच राग आला.

एक गंमत अशी झाली की रिकामं जातं फिरवायचं नसतं आणि जातं फिरल्याशिवाय दगडाबाईला गाणं सुचत नव्हतं. साहेब तेच ते दहा-दहा वेळा म्हणायला लावणार, म्हणजे तेवढा वेळ जोंधळा दळला जाणार. आठ दिवसांत आमच्याकडे पिठाचे डबे संपले, मग हंडे भरले. आप्पा म्हणाले, "साहेबाला म्हनावं, अजून म्हयनाभर ऱ्हा. पुढच्या सालापतूर भाकरीची काळजी मिटली." सगळे हसलो. त्या पिठामागे दोन हात आहेत आणि ते रोज संध्याकाळी सुजतात, हे मला आज सुचतं आहे.

नवव्या दिवशी, म्हणजे साहेब मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी, तिच्या नेहमीच्या ओव्या संपल्या होत्या. देवाच्या झाल्या, भावाच्या झाल्या, सासरमाहेरच्या झाल्या. उन्हं तापली होती. आम्ही तिघंही थकलो होतो. साहेब वही आवरत होते आणि दगडाबाई मूठ-दीड मूठ उरलेला जोंधळा उगाच संपवत होती. तेवढ्यात तिच्या तोंडून वेगळंच काही यायला लागलं. आवाज खाली, स्वतःशी, आम्ही तिथं नाहीच असा.

"आवडा माझी लेक, अंगनात नाय कुठं
पान्याच्या घागरीत, तिचं तोंड मला भेटं."

चाल तिच्या इतर ओव्यांसारखी नव्हती. शेवटच्या अक्षरावर ती खाली उतरायच्या ऐवजी वर चढायची आणि तिथंच थांबायची. साहेब हलले नाहीत. दोनदा ऐकलं आणि मग त्यांनी हलकेच ते परत म्हटलं. 'आवडा' हे नाव त्या गोऱ्या माणसाच्या तोंडून निघालं आणि दगडाबाईच्या हातातला खुंटा थांबला. ती भानावर आली. आपण काय गायलो, ते तिला तेव्हा कळलं असावं.

साहेबांनी विचारलं, "नेऊ का, बाई?"

मग साहेबांकडे न बघता, जात्याकडे बघत, ती माझ्याशी बोलायला लागली.

"धाकलं मालक, साहेबाला सांगा. माझ्या आयेची पाच लेकरं गेली. मंग माझं नाव दगडा ठिवलं, म्हून मी वाचले. मी लई हौसंनं लेकीचं नाव आवडा ठिवलं. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला तिला ताप भरला. समदं गाव जोंधळ्यात लपल्यालं, रस्त्यानं मिलिटरीच्या गाड्या. शहरात न्यायाला वाटच नाय. तिसऱ्या रोजी गेली. त्याच्यामागं पोरगं झालं, त्याचं नाव कडूबा ठिवलं. त्ये हाय. आता ह्ये नाव मी घराबाहीर काढत नाय. घरात बी नाय. जात्यापाशी तेवढं. साहेबाला म्हनावं, बाकी समदं न्या, ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या. माझं कडूबा जगू द्या."

बाई नऊ दिवसांत एवढं एका दमात कधी बोलली नव्हती. 'नाय' असा शब्द साहेबाच्या तोंडावर टाकायची तिची हिंमत नव्हती. आमच्याकडे मजुराची बाई मालकाच्या पाहुण्याला नाही म्हणत नसे. तिनं तो शब्द माझ्या हातात दिला आणि पुढे न्यायला सांगितला.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

आता माझं ऐका. अमेरिकेतल्या त्यांच्या कॉलेजात मला शिष्यवृत्ती मिळवून द्यायचं पत्र साहेब मुंबईला गेल्यावर लिहिणार होते. आठ दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ज्या एका गाण्यासाठी ते इथवर आले, ते गाणं हेच, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते नाही असं सांगून त्यांचा चेहरा उतरवायची माझी तयारी नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यात फार काही वाटलंच नाही. एक दळणारी बाई, तिची एक ओवी, कुठे आयोवा, कुठे पडेगाव. कोणाला कळणार होतं?

मी म्हणालो, "हे तिच्या वारलेल्या मुलीचं गाणं आहे. ती म्हणते, घेऊन जा आणि नीट सांभाळा."

साहेब पाटावरून उठले. त्यांनी दगडाबाईपुढे दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. बराच वेळ तसेच उभे राहिले. तिला वाटलं, साहेबानं आपलं ऐकलं आणि शब्द दिला. तिनं उठून, पिठाच्याच हातांनी, दुरूनच त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "शंभर वरसं जगा, बाबा," म्हणाली. त्यांनी विचारलं, आता काय म्हणाली? तेवढं मात्र मी शब्दशः सांगितलं.

परतताना साहेब छावणीतल्या बंगल्यावर उतरले. मी टांग्यात एकटा राहिलो. शहागंजाच्या अलीकडे गयास मियाँनी घोडा हळू केला.

"बाबू, उन्ने तो नको बोली ना? मैं दरवाजे में बैठके सुना ना. होर साब तो खुश हो गए. ये कैसा हुवा?"

"तुम टांगा हांको," मी म्हणालो.

त्यांनी टांगा हाकला. त्यानंतर मी शहागंजातून जाताना कित्येक वर्षं टांगा स्टँडच्या बाजूचा रस्ता सोडून पलीकडच्या बोळातून जायचो. सगीरा नावाची त्यांची मुलगी पुढे विद्यार्थिनी म्हणून माझ्या वर्गात आली, तर मी तिच्याकडे बघून शिकवत नसे.

पत्र आलं. मी अमेरिकेला गेलो, दोन वर्षं राहिलो, परत येऊन प्राध्यापक झालो. साहेबांनी त्या ओवीवरून मुलांच्या आवाजांसाठी आणि तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिचं नाव त्यांनी 'आवडा' ठेवलं. ज्यांच्या सिंफनीला लोक हसले होते, त्यांची ही दहा मिनिटांची रचना गावोगावच्या शाळांतून गायली जायला लागली. शेवटच्या अक्षरावर वर चढून थांबणारी ती चाल सहा-सात वर्षांची पोरं इतकी सहज म्हणायची की मोठे थक्क व्हायचे. मी तिथं असताना एका शाळेत ती ऐकली. कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी मला व्यासपीठावर बोलावलं, आणि मी गेलो.

याहून वाईट पुढे झालं. संगीत शिकवणाऱ्या मास्तरांसाठी साहेबांनी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं की, गाणं ज्याचं आहे त्याच्या तोंडून हो आल्याशिवाय ते घेऊ नका, आणि दाखला म्हणून पडेगावच्या आईचा 'हो' दिला होता. त्या देशातल्या हजारो मास्तरांनी प्रामाणिकपणाचा पहिला धडा माझ्या खोटेपणावरून गिरवला. दर नाताळला साहेबांचं पत्र यायचं. आई कशी आहे? तिला 'आवडा'ची तबकडी ऐकवलीस का? मी लिहायचो, मजेत आहे, ऐकून फार आनंदली. ती तेव्हा आमच्याच रानात कपाशी वेचत असायची. तबकडी माझ्या कपाटात होती. सांगून टाकावं असं मला दर वर्षी वाटलं. दर वर्षी मी भेटकार्ड पाठवलं.

साहेब १९८६ साली गेले. दीड वर्षानं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं, मार्गारेट डॉयलबाईंचं, पत्र आलं. त्या साहेबांचं चरित्र लिहीत होत्या आणि पडेगावच्या आईला भेटायला येणार होत्या. मी उलट टपाली कळवलं की ती माउली दुर्दैवानं बारा वर्षांपूर्वी वारली. एका टपालाच्या तिकिटात मी जिवंत बाई मारली आणि त्या रात्री मला झोपही नेहमीसारखी लागली.

तरी बाई आल्याच. आई नाही तर निदान माझ्या पत्रांतून कळलेल्या तिच्या मुलाला भेटू, गाण्याची कॅसेट त्याच्या हाती देऊ, म्हणाल्या. मी सांगितलं, रस्ता खराब आहे. त्या म्हणाल्या, मी आयोवाच्या चिखलात वाढले आहे. मी सांगितलं, मुलगा कामावर असेल. त्या म्हणाल्या, आज रविवार आहे. पडेगाव शहरापासून असं कितीसं लांब! हॉटेलच्या गाडीनं आम्ही वीस मिनिटांत कडूबाच्या दारात होतो.

कडूबा वाळूजला एका कारखान्यात फिटर होता. दौलताबादच्या रस्त्याला लागून दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे अंगण, अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या मिरच्या. मी मनात ठरवलं होतं, रस्त्यावरच दोन शब्द बोलायचे, कॅसेट द्यायची, निघायचं. पण पाहुणे बघून त्यानं मिरच्या उचलल्या, बाज झाडली आणि घरात तोंड करून हाक मारली.

"आये! आगं आये, आप्पासाहेबाचं बद्रीमालक आल्यात. संगं गोरी बाई हाय."

'आये' या शब्दाचा अर्थ मार्गारेटबाईंना ठाऊक होता. साहेबांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना तो शिकवला होता. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. दारात पांढऱ्या केसांची, वाकलेली दगडाबाई डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"माझी गफलत झाली," मी इंग्रजीत म्हणालो. "गावात त्याच नावाची दुसरी एक बाई होती."

इतक्या पटकन सुचलं मला. मार्गारेटबाईंना आनंदापुढे ते ऐकूही आलं नसेल. त्यांनी जाऊन दगडाबाईचे दोन्ही हात धरले. दगडाबाईनं त्यांना बाजेवर बसवलं, स्वतः खाली बसली, आणि साहेबांची आठवण काढली. साहेब गेले, मी सांगितलं. तिनं थोडा वेळ मान हलवली.

"देवमानूस हुता. सबूद पाळला त्यानं. माझ्या कडूबाला कुनाची नजर लागू दिली नाय."

"काय म्हणतात?" मार्गारेटबाईंनी विचारलं.

"साहेब भला माणूस होता म्हणतात," मी म्हणालो.

मार्गारेटबाईंनी झोळीतून टेप काढला, बाजेवर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी व्हायोलिनं. दगडाबाई कौतुकानं बघत होती, त्या डब्यातून आवाज कसा येतो म्हणून कडूबाकडे बघून हसलीसुद्धा. मग मुलांचे आवाज आले. पन्नास-साठ मुलं असतील. एका दमात, स्वच्छ, 'आवडा, आवडा माजी लेक'. आणि शेवटच्या अक्षरावर वर चढून थांबली.

दगडाबाईचा हसरा चेहरा तसाच राहिला आणि त्यातलं हसू निघून गेलं. तिनं हात लांब करून कडूबाच्या तोंडावरून फिरवला, अडतीस वर्षांच्या बाप्याच्या. कपाळ, डोळे, गाल, तो सगळा आहे की नाही ते चाचपत असावी. मार्गारेटबाईंना वाटलं, माउली गहिवरली. त्यांचेही डोळे भरले. मुलं गातच होती. पुन्हा पुन्हा तेच नाव, तिनं चाळीस वर्षं दाबून धरलेलं.

"मालक," ती म्हणाली, "त्यानं हात जोडलं हुतं. माझ्यासमूर. मंग तरी नेलं व्हय? देवमानूस म्हनत बसले मी. असा कसा निघाला वो त्यो?"

"आवडा कोन गं, आये?" कडूबानं विचारलं.

"काय म्हणतात?" मार्गारेटबाईंनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघत होते. मला किती सोपं होतं! हो, साहेबच फसवा निघाला, एवढं म्हटलं असतं की झालं. साहेब मेलेला. मार्गारेटबाईंना मराठी येत नाही, दगडाबाईला इंग्रजी येत नाही. कोणाला कळणार होतं? हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. जिभेवर आलं होतं.

"साहेबाची चूक नाही, दगडाबाई," मी म्हणालो. "मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

"काय सांगितलं नवतं?"

"तुम्ही नको म्हणालात ते. मी सांगितलं, तुम्ही न्या म्हणालात."

जन्मात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणालो. तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याचं काय करायचं होतं तिला? ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग आता बी काय सांगता तुमी हिला, त्ये मला कसं कळावं?" ती म्हणाली.

पंचवीसेक वर्षं भाषा शिकवत आलो होतो मी.

तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. माझ्यापुढून, माझ्याकडे न बघता, बाजेपाशी गेली. टेपवर आपला पंजा ठेवला, मार्गारेटबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि मान दोन्ही बाजूंना हलवली. एकदा. मग पुन्हा एकदा. मग दुसऱ्या हातानं कडूबाकडे बोट केलं, आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मार्गारेटबाईंना कळलं. क्षणात कळलं, मधे कोणीही नसताना. त्यांनी टेप बंद केला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा मी त्यांना काय झालं होतं ते चार वाक्यांत इंग्रजीत सांगितलं. कोणत्या पत्रासाठी, तेही सांगितलं. त्यांनी टेपमधून कॅसेट काढली आणि दगडाबाईच्या हातावर ठेवली. दोघींनाही ठाऊक असावं की त्यानं काही परत येत नाही. तिकडे कुठल्या तरी शाळेत पोरं तेच गात असणार, उद्याही गाणार. दगडाबाई ती काळी चपटी वस्तू हातात घेऊन उभी राहिली.

"आये," कडूबा पुन्हा म्हणाला, "आवडा कोन?"

तिचे ओठ हलले, पण नाव काढायचा तिला धीर होईना. मग ती माझ्याकडे न वळता बोलली.

"मालकाला इचार. बाहीर त्यांनीच काढलंय."

मी कडूबाला सांगितलं. त्याच्या आधी एक बहीण होती, तिचं नाव आवडा होतं, ती जोंधळ्याच्या रानात तापानं गेली. त्याचं नाव कडूबा का ठेवलं. आई जात्यापाशी काय म्हणायची आणि ते नेऊ नका असं तिनं मला कोणत्या शब्दांत सांगितलं. तिचं एकूणएक वाक्य मला पाठ होतं. तीस वर्षांत त्यातला एक शब्द मी विसरलो नव्हतो. त्या दिवशी साहेबांना मी त्याऐवजी काय सांगितलं, तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज भाषणात खाली यायचा तसा खाली आला आणि मला स्वतःची किळस आली.

कडूबानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं आईला धरून बाजेवर, मार्गारेटबाईंच्या शेजारी, बसवलं. घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणला, आईला दिला, पाहुणीला दिला. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, बोलण्यातली अदबही सोडली नाही.

"मालक," तो म्हणाला, "तुमी आता या."

मी मार्गारेटबाईंकडे बघितलं. गाडी त्यांचीच होती. दगडाबाईचा हात त्यांच्या हातात होता आणि त्या उठल्या नाहीत.